पिशवी कोणती?

आषाढी उरकली. वाळवंटात अजून चिखल आहे आणि माझ्या ओपीडीच्या पायरीवर कुणीतरी विसरलेले टाळ तसेच पडून आहेत. एकादशीनंतरचे चार-पाच दिवस अख्खं पंढरपूर झोपून काढतं. मीही काल दुपारी ताणून दिली, उठून चहा घेतला आणि आमची वही उघडली. वारीच्या दिवसांत तिच्यात एकोणीस नव्या नोंदी पडल्या होत्या. त्यातल्या दोन माझ्याशी भांडणाऱ्या.

वही म्हणजे खरं तर गूगल ड्राइव्हवरची एक लांबलचक फाइल. पण तिची छापून, स्पायरल करून घेतलेली एक प्रत माझ्या थिएटरबाहेरच्या टेबलावर असते आणि तिच्यावर बेटाडिनचे डाग आहेत, म्हणून ती वहीच. विषय एकच. बाईची लघवी का गळते, अंग बाहेर का येतं आणि ते दुरुस्त कसं करायचं. याला यूरोगायनेकॉलॉजी आणि रिकन्स्ट्रक्टिव्ह यूरॉलॉजी अशी दोन भारदस्त नावं आहेत. लिहिणारे आम्ही अकरा जण आहोत. स्त्रीरोगवाल्या चौघी, सोलापूरचा एक आणि पुण्याचा एक असे दोन यूरॉलॉजिस्ट, एक भूलतज्ज्ञ, एक फिजिओथेरपिस्ट, दोन सिस्टर आणि एक आशाताई.

नावं दोन आहेत, हीच मुळात अडचण. बाईच्या ओटीपोटात मूत्राशय आणि गर्भाशय एकमेकांना चिकटून बसलेले असतात, मध्ये बोटभरही जागा नाही. पण मेडिकल कॉलेजात त्यांचे विभाग वेगळ्या मजल्यांवर. गर्भाशय आमचं, मूत्राशय त्यांचं, आणि मधला पडदा म्हणजे दोन भावांच्या शेतांमधला बांध. बांध फुटला की दोघंही म्हणणार, पाणी तिकडून आलं. आणि ज्या बाईच्या पोटातला बांध फुटलाय, ती या मजल्यावरून त्या मजल्यावर हातात केसपेपर घेऊन फिरत राहते.

वही सुरू झाली ती २०१८ साली, माझ्याच चुकीतून. ती गोष्ट मी सहसा सांगत नाही, पण वहीच्या पहिल्या पानावर ती आहेच, तेव्हा इथेही असू दे.

बेचाळीस वर्षांची बाई. दोन सिझर झालेली. गाठींमुळे महिन्याचे पंधरा दिवस अंगावरून जायचं, रक्त सहावर आलेलं. रक्त चढवून पिशवी काढायला घेतली. आधीच्या सिझरच्या व्रणाला मूत्राशय असं चिकटलेलं, की सोडवताना त्याला छोटं भोक पडलं. मला तेव्हाच दिसलं, तेव्हाच शिवलं, चौदा दिवस नळी ठेवायची ठरवली. सहाव्या दिवशी नळीसकट तिला घरी सोडलं. नवव्या दिवशी रात्री अकराला तिच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या पेशंटची पिशवी गळतेय."

"बदला की मग. मेडिकलमध्ये मिळेल," मी म्हणाले आणि झोपले.

त्या फोननंतर चौथ्या दिवशी नवरा तिला जीपमध्ये घालून घेऊन आला. साडी ओली, खालचं गोणपाट ओलं, मांड्या सोलवटलेल्या. तो माणूस चिडलेलाही नव्हता. नुसतं म्हणाला, "मॅडम, चार पिशव्या बदलल्या, तरी गळतंय."

सिस्टरला म्हणायचं होतं, लघवीची पिशवी गळतेय. आतली. तिने तिच्या परीने मला निदानच सांगितलं होतं, आणि मी ते दुकानात मिळणाऱ्या वस्तूचं नाव म्हणून ऐकलं. त्या चार दिवसांनी भगदाड पडलं असं नाही. माझे टाके तोवर सुटलेच असणार. पण चार दिवस ती बाई ओसरीवर गोणपाट टाकून निजली, कारण घरातल्यांना वास सहन होईना. ते चार दिवस माझ्या नावावर आहेत.

मग तीन बोळ्यांची तपासणी केली. चेसर मॉयर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरची ही युक्ती, आणि आजही तिला खर्च कापसाइतकाच. योनीमार्गात एकामागे एक तीन बोळे ठेवायचे, नळीतून मूत्राशयात निळा रंग सोडायचा, बाईला दहा-पंधरा मिनिटं फिरवायचं आणि बोळे काढून ओळीने मांडायचे. वरचा बोळा ओला पण निळा नाही, तर गळती मूत्रनलिकेतून, म्हणजे मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीतून. मधला निळा, तर मूत्राशयातून. फक्त सगळ्यात खालचा निळा, तर मूत्रमार्ग बघा, किंवा रंग नुसता खालून ओघळलाय का ते बघा. तिचा मधला बोळा शाईत बुडवल्यासारखा निळा होता. सिस्टरांनी तो ट्रेमध्ये ठेवला आणि कुणीच काही बोललं नाही.

आपसूक बुजेल या आशेवर काही आठवडे नळी ठेवली. बुजलं नाही. सोलापूरच्या यूरॉलॉजिस्टने तीन महिने थांबून, सूज उतरल्यावर, पोटातून ऑपरेशन केलं. ओ'कॉनर पद्धत म्हणतात तिला. मूत्राशय भोकापर्यंत उभं चिरायचं, योनीची भिंत आणि मूत्राशयाची भिंत एकमेकांपासून पूर्ण सोडवायची, दोन्ही वेगवेगळ्या शिवायच्या आणि मध्ये ओमेंटमचा, म्हणजे पोटातल्या चरबीचा, पदर आणून घालायचा. टाक्यावर टाका येता कामा नये, ताण येता कामा नये. मी मदतनीस म्हणून उभी होते. हात धुताना तो म्हणाला, "तुझी चूक भोक पडण्यात नाही. भोक माझ्याकडूनही पडतं. तू फोनवर 'कोणती' असं विचारलं नाहीस."

ती बाई कोरडी झाली. त्या हिवाळ्यात तिने हुरडा पाठवला. मी खाल्ला, पण घास फिरत होता.

तर वहीचं पहिलं पान म्हणजे "पिशवी". आपल्याकडे बाई दवाखान्यात येऊन हा शब्द उच्चारते तेव्हा तिच्या मनात काय काय असू शकतं, ते आम्ही नंबर घालून लिहिलं. एक नंबरची म्हणजे गर्भाची पिशवी. दोन, लघवीची. तीन, नळीला लावतात ती यूरोबॅग. चार, पाण्याची पिशवी, बाळंतपणात फुटते ती. पाच, पित्ताची. सहा नंबर आशाताईंनी स्वतःहून घातला: दवाखान्यातून सुटी होताना औषधं ज्यात मिळतात ती. आम्ही हसलो, पण आठवडाभरातच मला एकीने फोनवर सांगितलं, "मॅडम, पिशवी हरवली." सहा नंबरची होती.

तिथून शब्दांचा नादच लागला. वहीतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी पानं ऑपरेशनांची नाहीत, बोलण्याची आहेत. एका माहितीपत्रकात मी "तणावामुळे होणारी लघवी" असं वाचलं होतं. स्ट्रेस इन्कॉन्टिनन्सचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर. ते पत्रक मी एका काकूंना दिलं तर त्या म्हणाल्या, "मला कसला तणाव? पोरं नोकरीला लागली, सून चांगली हाय." आता वहीत लिहिलंय, असं विचारा: खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की सुटते का? दुसऱ्या प्रकारासाठी विचारा: लागली की दम निघत नाही का? मोरीपर्यंत पोचता का? या दोन प्रश्नांच्या उत्तरात दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलीला पट्टीचं, म्हणजे मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवायचं, ऑपरेशन उपयोगी पडू शकतं, दुसरीला ते केलं तर उलट फसगत होऊ शकते. तिसरा प्रश्न सिस्टरांचा आहे आणि तो कुठल्याच पुस्तकात मी वाचला नाही: "लग्नाला-बिग्नाला जाता का?" जी बाई दोन वर्षांत एकाही लग्नाला गेली नाही, तिची गळती किती आहे ते वेगळं मोजायला नको.

"उन्हाळी लागली" म्हणजे जळजळ, हे इथल्या सगळ्यांना माहीत. पुण्याच्या यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यातल्या परप्रांतीय रेसिडेंटला माहीत नव्हतं. त्याने केसपेपरवर लिहिलं होतं, त्रास फक्त उन्हाळ्यात होतो. तोही कागद वहीत चिकटवलाय, नाव खोडून. वहीचा तो पहिला नियम. कुणाचंही नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही.

वारीबद्दल लिहायचं होतं, ते राहूनच चाललंय.

आळंदी-देहूपासून इथवर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणं. त्यात साठी-सत्तरीच्या बायका किती असतात ते पंढरपुरात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यातल्या कितीतरी जणी अंग बाहेर घेऊन चालत येतात. दरवर्षी आम्ही तपासणीचं एक छोटं टेबल मांडतो. यंदा एक आजी आल्या, माळकरी, सत्तरीच्या पुढच्या, नऊवारीतल्या. तपासायला म्हणून काष्टा सोडला आणि गर्भाशय सगळंच्या सगळं बाहेर आलं. घासून घासून त्याची कातडी टाचेसारखी जाड झालेली.

"आजी, किती वर्षं?"

"धाकटा झाला तवापासून."

धाकटा पंचेचाळीसचा, शेजारी उभा. त्याला हे आज कळत होतं.

"मग चालता कशा?"

"काष्टा आवळून. काष्ट्यानं काय बी हालत न्हाई. सुनेनं गावन घाल, गावन घाल म्हणून दोन दिस गावन घातला, तर भाईर आलं. मग पुन्हा लुगडंच."

हे मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. काष्टा म्हणजे घरचा आधारपट्टा, हे आमच्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता पान वाढलंय. नऊवारी सोडून सहावारी किंवा गाऊन सुरू केल्यावर त्रास "सुरू झाला" म्हणणाऱ्या बाईचा त्रास तेव्हा सुरू झालेला नसतो, तेव्हा तो दिसायला लागलेला असतो.

आजींना ऑपरेशन नको होतं. त्यांना पुढच्या आषाढीला चालायचं होतं. मी रिंग बसवली, गर्भाशय आत धरून ठेवणारी. प्राचीन ग्रीक वैद्य म्हणे व्हिनेगरमध्ये भिजवलेलं अर्धं डाळिंब बसवायचे. हे आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सांगोल्यात असते तर मला बी तेच मिळालं असतं." रिंग बसवणं सोपं, ती आठवणीत ठेवणं अवघड. विसरलेली रिंग वर्षानुवर्षं आत राहून भिंत पोखरते, आणि मग तीन बोळे पुन्हा बाहेर काढावे लागतात. म्हणून वहीत रिंगेच्या पानावर एकच सूचना मोठ्या अक्षरात आहे: पुढची तारीख बाईला नाही, मुलाला सांगा, आणि एकादशीशी जोडून सांगा. आजींना कार्तिकीला बोलावलंय. "चार महिन्यांनी या" म्हटलं असतं तर आल्या नसत्या.

बाहेर किती आलंय ते मोजायचं कसं, यावर वहीतलं सगळ्यात जुनं भांडण आहे. आम्ही शिकलो ते फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री, थर्ड डिग्री. जगाने १९९६ पासून पॉप-क्यू धरलंय. त्यात हायमेनची, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेल्या पडद्याची, रेषा म्हणजे शून्य, आत वजा, बाहेर अधिक, आणि नऊ मापं सेंटिमीटरमध्ये तीन गुणिले तीनच्या चौकटीत भरायची. माझी वर्गमैत्रीण, बार्शीची, म्हणते की शंभर बायकांच्या ओपीडीत नऊ मापं कोण घेणार? खरं आहे. पण "सेकंड डिग्री" म्हणजे तिच्या लेखी एक आणि माझ्या लेखी दुसरं, आणि आम्ही एकमेकींना पेशंट पाठवतो. शेवटी आमच्या सिस्टरांनी लाकडी चपट्या काडीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या, खाली चौकट छापलेला शिक्का करून घेतला आणि म्हणाल्या, तुम्ही आकडे बोला, मी लिहिते. दीड मिनिट लागतं. बार्शीवाली अजून डिग्रीच लिहिते, पण आता पुढे कंसात आकडाही टाकते.

परदेशी पुस्तकांत प्रोलॅप्सची, म्हणजे अंग बाहेर आलेली, बाई साठीची असते आणि उपाय म्हणजे पिशवी काढणं. आपल्याकडे ती सव्वीसचीही असते. एक मूल, बाळंतपणात तोंड उघडायच्या आधीच "जोर कर, जोर कर", आणि बाराव्या दिवशी डोक्यावर हंडा. तिची पिशवी काढून कसं चालेल? म्हणून तर मुंबईत आपल्या लोकांनी वेगळा विचार केला. शिरोडकर म्हटलं की सगळ्यांना गर्भपिशवीच्या तोंडाचा टाका आठवतो, १९५५ चा. पण गोव्यातल्या शिरोड्याच्या या विठ्ठल नागेश शिरोडकरांनी गर्भाशय न काढता पट्टीने मागे त्रिकास्थीला टांगायची शस्त्रक्रियाही दिली. बी. एन. पुरंदऱ्यांनी पुढच्या बाजूने, पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाला, टांगलं. दोन्हीची पानं वहीत समोरासमोर आहेत, आणि समासात भांडण: पुरंदऱ्यांची सोपी, पण गर्भाशय पुढे ओढलं जातं आणि मागची खोली उघडी पडून तिथून आतडं उतरू शकतं. शिरोडकरांची शरीराच्या मूळ ठेवणीला धरून, पण डाव्या बाजूला मोठं आतडं आडवं येतं आणि नवख्याला घाम फुटतो. माझा कल शिरोडकरांकडे. पण गेल्या पाच वर्षांत मी ती स्वतः दोनदाच केली आहे, हेही तिथे लिहिलंय. वहीचा दुसरा नियम: मत लिहिलंत तर किती वेळा केलंय तेही लिहा.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. खोडायचं नाही, रेघ मारायची आणि तारीख टाकायची. तो पडला जाळीच्या पानामुळे. २०१८ च्या सुरुवातीला आमच्यातल्या एकाने, नाव सांगत नाही, योनीमार्गातून जाळी बसवून प्रोलॅप्स दुरुस्त करण्यावर फार देखणं पान लिहिलं. आकृत्यांसकट. त्याच जुलैत इंग्लंडने असल्या शस्त्रक्रिया थांबवल्या. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, कंपन्यांना सांगितलं, प्रोलॅप्ससाठी योनीमार्गे बसवायची जाळी विकणं बंद करा. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चौकशीचा, कंबरलेज बाईंचा अहवाल आला. जाळी भिंतीतून बाहेर डोकावते, दुखतं, नवऱ्याजवळ जाता येत नाही, आणि काढायला गेलं तर मांसात रुतलेली. हे बायका कित्येक वर्षं सांगत होत्या आणि ऐकून घेतलं गेलं नव्हतं.

आमच्या मित्राने रातोरात पान उडवून टाकलं. मी सकाळी उघडलं तर जागा कोरी. मी जुनी प्रत शोधून ते परत घातलं. दोन दिवस अबोला. मग त्याने स्वतःच पूर्ण पानावर तिरकी रेघ मारली, खाली तारीख टाकली आणि लिहिलं, "हे मी आठ बायकांना केलं. आठही जणींना दरवर्षी बोलावून बघतोय." खाली आठ ओळी आहेत, दरवर्षी एकेक शेरा वाढतो. सात बऱ्या आहेत. एकीची जाळी दोनदा कापावी लागली. मला विचाराल तर अख्ख्या वहीत वाचण्यासारखं पान तेच. त्याने बाजूला हेही स्पष्ट केलंय की खोकल्याच्या लघवीसाठीची उल्मस्टेनची बारीक पट्टी, ती १९९६ ची, आणि पोटातून त्रिकास्थीला टांगायची जाळी या गोष्टी वेगळ्या. सगळं एका पोत्यात भरू नका. तेही बरोबर आहे.

सिम्सच्या नावावर मात्र आमचं जमलं नाही. सिम्स स्पेक्युलम, योनीमार्ग उघडून आत बघायचं हत्यार, आम्ही रोज हातात धरतो. अमेरिकेतल्या माँटगोमेरी गावात १८४५ पासून जे. मॅरियन सिम्सने गुलाम बायकांवर भूल न देता ही भगदाडं शिवायचे प्रयोग केले. अनार्का, ल्यूसी, बेट्सी या तिघींची नावं उरली आहेत. अनार्कावर तीसेक वेळा. चांदीच्या तारेने अखेर १८४९ मध्ये जमलं. इथरने भूल देता येते हे १८४६ पासून माहीत होतं. भूलतज्ज्ञ म्हणाला, हत्याराचं नाव बदला. सोलापूरकर म्हणाला, मग काय "चमचा" म्हणायचं? मुळात तो चमचाच होता म्हणा, वाकवलेला. शेवटी नाव ठेवलं आणि त्याखाली तिघींची नावं लिहिली. भूलतज्ज्ञाने स्वतःच्या पानांवर अजूनही "तो चमचा" असंच लिहिलंय. लिहू दे.

त्याच पानावर सिस्टरांनी ममितू गाशे यांच्याबद्दल लिहून घेतलंय. इथियोपियाच्या खेड्यातली मुलगी, बाळंतपण अडून भगदाड पडलं म्हणून अदिस अबाबाला हॅम्लिन या डॉक्टर दांपत्याकडे आली, बरी झाली, तिथेच खाटा आवरायला राहिली, थिएटरात हत्यारं द्यायला लागली, आणि बघता बघता स्वतः शिवायला शिकली. शाळा नाही, डिग्री नाही. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने तिला हॅम्लिनांबरोबर सुवर्णपदक दिलं. वही सुरू करताना एकाने विचारलं होतं, सिस्टर आणि आशाताई कशाला, हे डॉक्टरांचं काम. त्याला कुणी उत्तर दिलं नाही, सिस्टरांनी हे पान लिहिलं.

आणि सिस्टरांचं नळीचं पान नसतं तर आमच्या निम्म्या शस्त्रक्रिया वाया गेल्या असत्या. भगदाड शिवल्यावर दोन-तीन आठवडे मूत्राशय रिकामं राहायलाच हवं. नळी एका रात्रीत तुंबली, मूत्राशय फुगलं, टाके तटतटले, संपलं. सर्जनने चार तास उभं राहून केलेलं काम पहाटे तीनला एका रक्ताच्या गाठीने जातं. सिस्टरांच्या पानावर तीनच प्रश्न आहेत, प्रत्येक फेरीला विचारायचे: पाणी पितेय का? नळी वाहतेय का? चादर कोरडी आहे का? खाली बारीक अक्षरात: नळी मांडीखाली दबलेली नसावी, पिशवी (तीन नंबर) खाटेच्या खाली पण जमिनीला न टेकता, आणि नातेवाइकाला सांगावं की लघवी पाण्यासारखी दिसेपर्यंत पाणी पाजत राहा. "डॉक्टर सांगतात तीन लिटर. त्यांना लिटर कळत नाही. तांबे सांगा."

केगलच्या व्यायामाचं, म्हणजे लघवी अडवणारे स्नायू आवळून बळकट करण्याचं, पान फिजिओताईंचं. १९४८ पासून जगभर शिकवतात आणि जगभर चुकीचा करतात, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी मी सांगायचे, लघवी मध्येच अडवून बघा, तोच व्यायाम. त्यावर त्यांनी लाल रेघ मारली: एकदा ओळखण्यापुरतं ठीक, रोज लघवी करताना करायचा नाही. मग बायकांना समजवायचं कसं? त्यांनी लिहिलंय, चारचौघांत वारा अडवता तसं. गावातली बाई आधी लाजते, मग खो-खो हसते, आणि तिला बरोबर तोच स्नायू सापडतो. आठ वेळा आवळायचं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मी आता तेच सांगते. हरिपाठाच्या वेळी एकदा, असं वरून जोडते.

पुरुषांची पानं थोडी आहेत आणि ती माझी नाहीत. मूत्रमार्ग आकसला की गालाच्या आतली त्वचा काढून तिथे ठिगळ लावतात, आणि पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांच्या पद्धतीने लांबच्या लांब आकसलेला मार्ग एकाच बाजूने सोडवून दुरुस्त करतात, एवढं मला त्यातून कळलं. गुटख्याने गाल खराब झाला असेल तर ठिगळही तसंच मिळतं. बायकांच्या बाबतीत मी तिथे एक ओळ घातली: मिसरी विचारा.

ऊसतोडीच्या बायकांचं पान मी अर्धवट सोडलंय. ऑक्टोबरात बीडकडून टोळ्या इकडच्या कारखान्यांवर येतात. तिशीतली बाई टेबलावर झोपते आणि पोटावर आडवी खूण असते. २०१९ मध्ये सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. एक नंबरच्या. त्यातल्या काहींच्या योनीमार्गाचं वरचं टोक पुढे काही काळाने खाली उतरतं, काहींची लघवी गळते, आणि मोळी उचलणं तर सुटत नाही. तिथे दुरुस्तीची कुठली शस्त्रक्रिया लिहू? "वजन उचलू नका" असं लिहून मी तीनदा रेघ मारली आहे.

आता ती भांडणं. एकादशीच्या आदल्या रात्री, साडेबाराला, वाखरीच्या पुढे दिंडीसोबतच्या रुग्णवाहिकेतून सिस्टरांचा फोन. नळी घातलेल्या एक बाई, हट्टाने वारीला निघालेल्या.

"मॅडम, पिशवी गळतेय."

"कोणती?"

"तीन नंबर. चादर कोरडी आहे, नळी वाहतेय, बघितलं. पण नवी पिशवी नाही आणि गाडी हलत नाही, पुढे-मागे नुसती माणसं."

"मग?"

"सलाईनची रिकामी बाटली जोडली, बूच टोचून. चालेल ना?"

मी म्हणाले चालेल, सकाळपर्यंत. सिस्टरांनी ते लगेच वहीत घातलं, "वारीतली तीन नंबर" म्हणून. सोलापूरकराने दुसऱ्याच दिवशी तिथे लाल रेघ मारली: बंद नळी अशी उघडली तर जंतू जाणार, मॅडमनी परवानगी कशी दिली? सिस्टरांनी त्याच्या रेघेवर रेघ मारून लिहिलंय, "सर, तुम्ही एकदा वाखरीला या." दोन्हींवर तारीख आहे. खाली माझी सही मागितलीय, मी अजून केलेली नाही.